मी न दाबलेलं बटण

ऋषिनगर, उज्जैन
माघातली एक दुपार

प्रिय रुचिर,

पत्र पाहून दचकू नकोस. आम्ही दोघं हिंडतोफिरतो आहोत, थंडी ओसरत आली आहे, आणि गच्चीवरच्या कुंड्यांतल्या मेथीची काल एकदाची भाजी झाली. रोज फोनवर बोलतो, तर आई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर आपण जेवलात का, गुडघा कसा आहे, तिकडे पुण्यात गारठा किती, एवढ्यातच घुटमळतो. मला तुला एक हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची आहे, मध्ये कुणी न बोलता. तिचे तुकडे तुला ठाऊक आहेत. काही माझ्याकडून कळलेले, काही दिलीपकडून, काही तू स्वतः खोदून काढलेले. ते जोडून तू जे चित्र उभं केलंस ते चुकीचं होतं. त्यात तुझा दोष नाही. मीही कित्येक दिवस तेच चित्र खरं मानून बसले होते. हे पत्र निहारिकालाही वाचायला दे, सुनेपासून यातलं काही लपवायचं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर भूगोलाचे नकाशे गुंडाळून ठेवले आणि आता करू काय, असं झालं होतं, ते तुला आठवत असेल. तेव्हाच आपल्या मराठी मंडळाची वेबसाइट निघाली आणि ती सांभाळायला कुणी तयार होईना. मी म्हटलं, शिकते. कार्यक्रमांच्या सूचना टाकणं, फोटो चढवणं इथपासून सुरुवात झाली आणि पुढे मी तिथे ‘आठवणींचं दालन’ उघडलं. कुणाचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले, कुणी रेल्वेच्या नोकरीपायी आलं आणि इथलंच होऊन गेलं. अशा म्हाताऱ्या माणसांकडे मी फोन घेऊन जायची, त्यांचं बोलणं उतरवून घ्यायची आणि साइटवर ठेवायची. शोभाच्या श्रीपादअण्णांचं सगळ्यांत सुंदर झालं होतं. बँकेत असताना भैरवगढच्या कापड-छापाईवाल्यांकडे ते स्कूटरवरून जायचे, तिथल्या रंगाच्या कढयांचा वास शर्टाला लागायचा आणि शोभा तो शर्ट घराबाहेर वाळत घालायची. ते वाचून टोरांटोहून त्यांच्या नातीचा, गौरीचा, मला फोन आला होता. म्हणाली, आजोबांचा आवाज ऐकू आला. शाळेत इतकी वर्षं शिकवूनही असं काही माझ्या वाट्याला क्वचितच आलं होतं. म्हणून ती साइट माझ्यासाठी काय होती, ते आधी सांगितलं.

दिवाळीनंतर एका सकाळी दिलीपचा फोन आला. मंडळाचा सचिव तो. टॉवर चौकात त्याचं पंख्या-मिक्सरचं दुकान, त्यामुळे सगळ्या गावाची खबर त्याच्याकडे आधी पोचते. म्हणाला, “ताई, अपनी साइट खोलो जरा. काहीतरी गडबड आहे.” मी उघडली, तर आपल्या मंडळाच्या पानाऐवजी सट्ट्याचं पान! चमकणारे पत्ते, फिरणारी चक्रं, आणि एक बाई हसून बोलावते आहे. त्या साइटला एक जोड लावलेला आहे, त्याला प्लगइन म्हणतात. शिलाई मशीनला काजं करायला वेगळा पाय लावतात ना, तसं समज. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पानावर नेऊन सोडायचं, एवढंच त्या जोडाचं काम. कुणीतरी त्यात सट्टेवाल्यांचा पत्ता भरून ठेवला होता. कुणी केव्हा काय बदललं याची नोंद साइट आपोआप ठेवते. दिलीपने ती काढून मला वाचून दाखवली. नोंदीत नाव माझं होतं. आदल्या दुपारची वेळ होती, आणि त्या वेळी मी खरंच कॉम्प्युटरवर काम करत बसले होते. मला काही आठवेना. चष्मा बदलायला झालाय, चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल, असं म्हणून मी हसले. दिलीपही हसला. आम्ही पत्ता पुसून टाकला आणि विषय संपला.

मग श्रीपादअण्णा गेले. तू येऊ शकला नाहीस, पण शोभाला फोन केलास, ते तिने मला दोनदा सांगितलं. शोकसभेच्या आधी मी त्यांच्यासाठी एक पान तयार केलं. त्यांचा भैरवगढचा मजकूर, जुने फोटो, सभेची वेळ. फार मन लावून केलं होतं. दुवा सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी शोभा गौरीशी व्हिडिओवर बोलत होती. आजोबांचं पान बघ गं, म्हणाली, आणि गौरीने ते तिथेच उघडलं. तिला आजोबांच्या जागी ती चक्रं आणि ती हसणारी बाई दिसली. शोभा मला काही बोलली नाही. गौरीच्या आईने दिलीपला फोन केला, दिलीपने नोंद पाहिली, आणि पुन्हा तेच. बदल करणाऱ्याचं नाव वासंती.

या वेळी कुणी हसलं नाही. मंडळाची बैठक बसली आणि त्या बैठकीत माझ्याशी सगळे इतके चांगले वागले की मला परत शाळेतल्या तपासणीला सामोरं जाणं परवडलं असतं. कुणी आवाज चढवला नाही. “ताई, टेन्शन मत लो यार, उमर का असर सबको होता है,” दिलीप म्हणाला. आता तुम्ही आराम करा, साइटचं आम्ही बघू. पासवर्ड बदलला. चहा आला, माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, आणि मी ज्या कामावर जीव लावला होता ते काम त्या बशीच्या बदल्यात माझ्याकडून काढून घेतल्यासारखं मला वाटलं. मग तुझा फोन. तू दिलीपकडून त्या नोंदीचा फोटो मागवून घेतला होतास. “आई, दोन्ही वेळा तुझंच नाव आहे. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?” तुझा आवाज फार मऊ होता. लहानपणी तुला ताप असला की मी ज्या आवाजात बोलायची, अगदी तसा. त्यानंतर तू माझ्याशी हळूहळू आणि मोठ्यानं बोलायला लागलास. निहारिका नाताळच्या सुट्टीत आली तेव्हा तिने मायेनेच गॅसपाशी, नळापाशी, दाराच्या कडीपाशी चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘बंद केलं का?’ तिचं अक्षर छान आहे. मी त्या काढल्या नाहीत.

आणि खरं सांगू का, चिठ्ठ्या लागल्यावर मी खरंच विसरायला लागले. आधी मी कडी लावून निघायची. आता कडी लावून चार घरं गेल्यावर परत यायची. भाजीत मीठ घातलं का, हे कळायला तीनदा चव घ्यायची आणि शेवटी भाजी खारट व्हायची. पोळ्या लाटताना मनातल्या मनात माळव्यातल्या नद्या म्हणायची, क्षिप्रा, गंभीर, चंबळ, काली सिंध, पार्वती, आणि एखादं नाव क्षणभर जिभेवर आलं नाही की लाटणं तसंच ठेवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. माझ्या आईचं शेवटी काय झालं ते तू पाहिलं आहेस. देवासला आपण गेलो की ती मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायची. मला वाटायला लागलं, आता आपली पाळी. मी ही बटणं दाबली असणार, आणि दाबून विसरले असणार. ज्या बाईला आपण काय केलं हे ठाऊक नाही, तिने आणखी काय काय केलं असेल, या विचाराला अंत नसतो रे.

एकटे तुझे बाबा तेवढे ठाम होते. “तू काही दाबलं नाहीस. मी तिथेच होतो,” असं ते म्हणायचे. कुणी विचारलं नाही तरी म्हणायचे. एकदा मी वैतागून विचारलं, मग मी त्या दुपारी करत काय होते? ते म्हणाले, “देवळाचा फोटो बघत होतीस. शिखराचा. मला दाखवलास. श्रीपादही म्हणाला, छान आहे.” ती दुपार श्रीपादअण्णा गेल्यानंतरची होती. मी त्यांच्याच शोकसभेचं पान करत होते. म्हटलं, इतक्या वर्षांचा मित्र, सकाळचे पोहे रोज बरोबर खाणारा, मनातून जाईल कसा. बोलता बोलता नाव आलं असेल. पण त्या एका वाक्यामुळे मी त्यांचं सगळंच बोलणं बाजूला ठेवलं.

तू इंदूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस आणि तारीख कळवलीस, तेव्हा मी ठरवलं की तिथे जायच्या आधी एकदा या गोष्टीचा छडा लावायचा. डॉक्टर काय सांगतील ते सांगतील. पण जे मी केलं म्हणतात ते कसं केलं, हे तरी मला कळू दे. देवश्री तुला आठवत असेल, माझ्या वर्गातली, नकाशात रंग भरताना समुद्र हिरवा करणारी. ती इंदूरला एका कंपनीत वेबसाइटींच्या सुरक्षेचं काम करते आणि शनिवार-रविवार फ्रीगंजला आईकडे असते. मी ऑटो करून गेले. दिलीपकडून तिने साइटमध्ये शिरायची परवानगी घेतली, ती नोंद पाहिली, त्या प्लगइनची आवृत्ती पाहिली, आणि मला एकच प्रश्न विचारला. “बाई, त्या दोन्ही दुपारी मंडळाची साइट उघडी असताना तुम्ही आणखी काही उघडलं होतं का? एखादा मेल, एखादा दुवा?” मी नाही म्हणणार होते. खरंच आठवत नव्हतं. मग बाबांचं बोलणं आठवलं आणि मी म्हटलं, देवळाचा फोटो असं काहीतरी हे म्हणत होते.

तिने माझा मेल उघडायला लावला. सापडले की! दोन्ही वेळचे दोन मेल, मोडक्यातोडक्या हिंदीत. आपके मंडल का कार्यक्रम हमारे पेज पर छपा है, देखिए. दुवा दाबला की एक पान, त्यावर संध्याकाळच्या उजेडातलं एक देखणं शिखर, बाकी काही नाही. मी ते पाहिलं असणार, छान आहे म्हटलं असणार आणि बंद केलं असणार. त्यात लक्षात राहण्यासारखं होतंच काय? देवश्रीने त्या पानाच्या आत काय लिहिलंय ते उघडून दाखवलं. फोटोच्या मागे एक न दिसणारा अर्ज भरून ठेवला होता, आपल्या साइटच्या नावे. जो पत्ता बदलायचा तो पत्ता त्यात आधीच घातलेला. पान उघडलं की अर्ज आपोआप रवाना.

पण तो माझ्या नावाने कसा गेला, हे मला समजेना. तेव्हा तिने मला शाळेतलंच उदाहरण दिलं. बाई, आपल्या शाळेत शिपाई तुमच्या टेबलावरचे कागद उचलून ऑफिसात न्यायचा. तुमच्या टेबलावरून आले म्हणजे तुमचेच, असं ऑफिस समजायचं. समजा, तुमची नजर चुकवून कुणी आपला कागद त्या गठ्ठ्यात सरकवला, तर? शिपाई तोही नेणार, आणि ऑफिस तोही तुमचाच म्हणणार. कॉम्प्युटरवर पानं उघडून देणारा ब्राउझर हा तो शिपाई. मी एकदा साइटमध्ये शिरले की माझी ओळख तो खिशात ठेवतो आणि साइटकडे काहीही नेताना ती दाखवतो. नेतोय ते मी सांगितलंय की दुसऱ्या पानाने त्याच्या हातात कोंबलंय, हे तो बघत नाही. ते बघायचं काम ऑफिसचं. शहाणी साइट आपल्या खऱ्या अर्जात दर वेळी एक नवी गुप्त खूण घालून देते आणि अर्ज परत आला की ती खूण आहे ना, हे तपासते. बाहेरच्याला ती खूण कळायला मार्ग नसतो. आपल्या त्या प्लगइनने खूण तपासलीच नव्हती. म्हणून नोंदीत माझं नाव आलं. नोंद खोटं बोलत नव्हती, तिला एवढंच कळत होतं.

मी विचारलं, माझ्यावर कुणाचा राग होता का गं? ती हसली. कुणाचाच नाही, म्हणाली. हा प्लगइन वापरणाऱ्या हजारो साइटींना असे मेल जातात, कुणाचा तरी हात दुव्यावर पडतो. प्लगइन बनवणाऱ्यांनी हे भोक केव्हाच बुजवलं होतं, नवी आवृत्ती काढली होती. आपल्याकडे ती कुणी चढवलीच नव्हती. ते काम दिलीपच्या ‘कल कर लेंगे’मध्ये पडून राहिलं होतं. मग तिने आपल्या लॅपटॉपवर मंडळाच्या साइटची एक नक्कल उभी केली, तोच जुना प्लगइन लावला, माझ्या नावाने आत शिरली आणि मला म्हणाली, “हाताची घडी घाला, बाई.” शाळेत मी तिला जे सांगायची तेच. मी घातली. तिने फक्त तो दुवा दाबला. शिखर दिसलं. बाकी कुठेही कुणी बोट लावलं नाही. मग तिने नोंद उघडली. शेवटच्या ओळीत ताजा बदल होता आणि पुढे नाव, वासंती. मी माझ्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं. म्हटलं, पुन्हा एकदा दाखव. तिने पुन्हा दाखवलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण मला सपाटून भूक लागली. आम्ही टॉवर चौकात जाऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर शेव घालून, आणि मी आणखी एक प्लेट मागवली.

मंडळाच्या बैठकीत देवश्रीने हेच सगळ्यांसमोर करून दाखवलं. दिलीप पहिल्यांदा पाहिल्यावर म्हणाला, “हे तर जादूटोणा आहे यार!” दुसऱ्यांदा पाहिल्यावर उठून माझ्यापाशी आला आणि वाकून नमस्कार केला. त्याने नवी आवृत्ती तिथल्या तिथे चढवली आणि साइटचं काम माझ्याकडे परत दिलं. मी फक्त एवढं शिकले आहे की काम झालं की साइटमधून बाहेर पडायचं, आणि अनोळखी दुव्याला हात लावायचा नाही. शोभाकडे मी वेगळी गेले. तिला ते शिपाई आणि टेबल सांगायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, “अगं, लग्नानंतर यांना मी एकदाही पत्ते खेळू दिले नाहीत. ते पान बघून सगळ्यांत जास्त हेच हसले असते.” आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि हसता हसता रडलो. तिच्या मनात माझ्याविषयी कधी काही आलंच नव्हतं. ती गप्प होती ती स्वतःच्या दुःखाने. मी मात्र तिच्या गप्प राहण्याचे नाना अर्थ लावत बसले होते.

इथवर तुला फोनवर ओझरतं सांगितलं होतं. आई, बरं झालं, मग आता इंदूरला जायची गरज नाही, असं तू म्हणाला होतास. पण आम्ही गेलो. मला ते मिटवूनच टाकायचं होतं. आपलं डोकं शाबूत आहे असं एकदा डॉक्टरच्या तोंडून ऐकावं, आणि मग घरी येऊन त्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने काढाव्यात, असा माझा बेत होता. बाबा सोबतीला आले. नानाखेड्याहून बसने गेलो, खिडकीची जागा मिळाली म्हणून ते खूश होते. डॉक्टरांनी मला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, कागदावर घड्याळ काढून काटे दाखवायला सांगितले. मला परीक्षेला बसल्यासारखी मजा वाटत होती. शेजारच्या खुर्चीत बाबांनीही टेबलावरचा एक कागद ओढून घेतला आणि गंमत म्हणून घड्याळ काढायला घेतलं. तुला माहीत आहे, सिंचन खात्यात असताना धरणाचे नकाशे ते हाताने काढायचे आणि त्यांच्या रेघेला कुणी नाव ठेवलं नाही. डॉक्टरांनी माझा कागद पाहून मान डोलावली आणि मग त्यांची नजर बाबांच्या कागदावर गेली, ती तिथेच राहिली. गोल सुरेख होता. बाराही आकडे त्यांनी उजव्या बाजूला एकाखाली एक दाटीवाटीने बसवले होते, आणि डावी बाजू पूर्ण मोकळी होती.

मग बाबांच्याच तपासण्या झाल्या. आणखी दोनदा जावं लागलं. विसराळूपणाचा आजार आहे, सुरुवात आहे, औषधांनी त्याचा वेग कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी बाबांच्या तोंडावर, सरळ सांगितलं, आणि मला ते आवडलं. परतीच्या बसमध्ये बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. सांवेर गेल्यावर म्हणाले, “वासंती, अपॉइंटमेंट तुझी आणि नंबर माझा लागला की गं.” मी त्यांचा हात धरला. आता मागे वळून पाहते तेव्हा कितीतरी गोष्टी दिसतात. दळणाचा डबा घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने, हसत परत आले. तुझ्या वाढदिवसाचा फोन सकाळी केला आणि संध्याकाळी पुन्हा करायला निघाले. सगळ्यांचं लक्ष माझ्या विसरण्यावर होतं, त्यामुळे त्यांचं विसरणं कुणाला दिसलंच नाही. मलाही नाही.

फोनवर हे सांगता येत नाही, कारण तुझा फोन आम्ही दोघं नेहमी मिळूनच घेतो आणि ते माझ्या शेजारी बसून ऐकत असतात. त्यांच्यापासून लपवायचं म्हणून नव्हे, तेच मला म्हणाले, “रुचिरला तू सांग, मला नाही जमणार. आणि तो घरी यायच्या आधी सांग.” म्हणून हे लिहिलं. रंगपंचमीला तुम्ही येताय. आल्यावर त्यांना आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंत, असले प्रश्न विचारू नकोस. त्यांच्याशी नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच वेगाने बोल. ते काही चुकीचं बोलले तर ते सगळंच चुकीचं आहे असं धरू नकोस. अर्ध्याच्या वर खरं असतं, आणि ते शोधायला थोडं थांबावं लागतं. कुणी आपल्यावर मायेनेसुद्धा संशय घेतला की माणूस आतून कसा विस्कटतो, ते मी पाहून बसले आहे, म्हणून हक्काने सांगते. औषधं, डॉक्टर, पुढचं सगळं आपण तिघं बसून ठरवू, आणि त्या बसण्यात तेही असतील. गाडी सकाळची आहे ना? स्टेशनवर तुम्हाला घ्यायला मीच जाणार, असं ते कालपासून म्हणताहेत. त्यांना येऊ दे. फलाटावर तुला ते एकटेच दिसतील, पुढे हात करून येतील, तुझी बॅग घ्यायला बघतील. बॅग त्यांना दे. मी तिथेच असेन, थोडी मागे.

तुझी, आणि आता त्यांच्यासाठीही तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई